अकरावीच्या अर्जातील एक रकाना

दहावीचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे घरोघरी एकच विषय असतो. सायन्स की कॉमर्स, हे कॉलेज की ते, टक्केवारी कुठपर्यंत खाली येईल, क्लास लावायचा तर कोणता. मग यादी लागते, नाव सापडते, पेढे वाटले जातात. प्रवेश पक्का करायला कॉलेजात गेल्यावर आणखी एक अर्ज हातात पडतो आणि त्यात विषयांचे रकाने असतात. इंग्रजी सक्तीचे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र जवळजवळ सगळ्यांचेच. प्रश्न उरतो तो गणित, जीवशास्त्र की दोन्ही, एवढाच. शाखा आणि कॉलेज यांवर महिना-दोन महिने खल झालेला असतो. हा रकाना मात्र बऱ्याचदा रांगेत उभ्या उभ्या, पुढच्या मुलीने काय लिहिले ते पाहून भरला जातो.

या लेखात फक्त या एका रकान्याचा विचार करायचा आहे. सायन्सला गेलेल्या मुलाच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांवर कॉलेजच्या नावापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो, असे माझे मत आहे. माझे स्वतःचे काम जीवशास्त्रातले आहे, तेव्हा पुढे गणिताची जी वकिली येणार आहे ती घरच्या अभिमानापोटी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गणित सोडणाऱ्या मुलांना कारण विचारले तर उत्तरे ठरावीक येतात. मेडिकलला जायचे आहे, मग गणित कशाला? दहावीला भूमितीत मार्क गेले. एक विषय कमी झाला तर बाकीच्यांना वेळ मिळेल. मुलींच्या बाबतीत चौथेही एक कारण असते, ते म्हणजे घरातल्या कोणीतरी 'तू आपली बायो घे' असे सहज म्हटलेले असते. यांतले शेवटचे कारण चर्चेच्याही लायकीचे नाही. बाकीची तीन तपासून पाहू.

गणित सोडले तरी सुटते का?

'एक विषय कमी' हे कारण वरवर सर्वांत व्यवहारी वाटते. पण गणित सोडलेल्या मुलापुढे भौतिकशास्त्र तसेच उभे असते. २०१९ साली आलेल्या बालभारतीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पहिले प्रकरण एकके आणि मापन यांचे होते आणि दुसरेच गणिती पद्धतींचे. त्यात सदिश होते आणि कलनाची तोंडओळखही. त्याच वर्षीच्या गणिताच्या पुस्तकात मात्र विकलन हे दुसऱ्या भागाचे अगदी शेवटचे प्रकरण होते. म्हणजे गणित घेतलेल्या मुलालाही भौतिकशास्त्राचा तास सुरू होताना कलन येत नसते, पण वर्ष संपेपर्यंत कोणीतरी ते त्याला नीट शिकवते. गणित सोडलेल्या मुलाला ते कोणीच शिकवत नाही. तो 'घातांक खाली आणायचा आणि एकने कमी करायचा' हा नियम पाठ करतो आणि त्याच्या भरवशावर दोन वर्षे काढतो. रसायनशास्त्रात सामू काढायचा तर लॉगरिदम लागतो, अभिक्रियेचा वेग मोजायचा तरी लागतो. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगचे कोष्टक चालते, आणि ते कसे पाहायचे हेसुद्धा अनेक मुले मित्राकडून शिकतात.

मेडिकलच्या प्रवेशाचेही तेच. २०२५च्या नीट परीक्षेत १८० प्रश्नांपैकी ४५ भौतिकशास्त्राचे होते. जीवशास्त्राचे ९० प्रश्न बहुतेक चांगली मुले चांगलेच सोडवतात. क्रमांक वर-खाली होतो तो या ४५ प्रश्नांवर, आणि तिथे आडवे येते ते बहुधा गणितच.

कलन म्हटले की मुले दचकतात, म्हणून एक लहानसे उदाहरण देते. नववी-दहावीच्या वर्गातही ते पंधरा मिनिटांत होते. वरून सोडलेला दगड गेलेल्या सेकंदांच्या वर्गाच्या साधारण पाचपट मीटर खाली येतो. दोन सेकंदांत २० मीटर, तीन सेकंदांत ४५ मीटर. दोन सेकंद झाले त्या क्षणी त्याचा वेग किती? दुसऱ्या आणि तिसऱ्या सेकंदाच्या दरम्यान सरासरी वेग २५ मीटर प्रति सेकंद येतो. पण हा वेग एका क्षणाचा नाही, पुऱ्या सेकंदाचा आहे. म्हणून काळ आखडता घेऊ. २ ते २.१ सेकंदांत दगड २.०५ मीटर पडतो, वेग आला २०.५. २ ते २.०१ सेकंदांत ०.२००५ मीटर, वेग २०.०५. आणखी आखडले तर २०.००५. आकडे कुठे चालले आहेत ते मुले स्वतःच सांगतात. विकलन म्हणजे एवढेच. हे एकदा हाताने केलेल्या मुलाला पुढचा नियम पाठ करावा लागला तरी तो कशाचा नियम आहे हे ठाऊक असते.

वाटाणे मोजणारा माणूस

आता पहिल्या कारणाकडे वळू. जीवशास्त्राला गणित लागत नाही, हा समज शाळेच्या पुस्तकांनीच करून दिला आहे. तिथे आकृत्या असतात, नावे असतात, प्रकार असतात. गणित फक्त एका ठिकाणी डोकावते, ते म्हणजे मेंडेलच्या ३:१ मध्ये. पण तो ३:१ आला कुठून, हे आपण क्वचितच सांगतो. मेंडेल १८५१ ते १८५३ या काळात व्हिएन्ना विद्यापीठात शिकत होता आणि तिथे त्याने भौतिकशास्त्राचे धडे घेतले. त्याच्या शिक्षकांपैकी एक होता डॉप्लर, ज्याचे नाव आपण आगगाडीच्या शिटीच्या संदर्भात घेतो. वाटाण्याच्या झाडांचे संकर मेंडेलच्या आधीही अनेकांनी केले होते. मेंडेलने दाणे मोजले. दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. भागाकार केला तर २.९६ येतो. त्याला तीन म्हणावे आणि त्या तीनमागे एक साधा योगायोगाचा नियम आहे असे मानावे, ही नजर वनस्पतींच्या अभ्यासातून आलेली नाही. त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि १९०० सालापर्यंत जवळपास कोणी त्याची दखल घेतली नाही.

पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. मेंडेलचे नियम पुन्हा सापडल्यावर एक शंका निघाली. प्रभावी गुण जर तीनास एक असे वरचढ ठरतात, तर पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर ते सगळीकडे पसरायला नकोत का? आखूड बोटे हा एक प्रभावी गुण आहे. मग निम्म्याहून अधिक माणसे आखूड बोटांची का दिसत नाहीत? १९०८ साली हा प्रश्न केंब्रिजच्या पनेटपुढे आला. वर्गात आपण ज्याचा चौकोन काढतो तोच हा पनेट. त्याला उत्तर देता येईना, म्हणून त्याने तो आपल्या ओळखीच्या गणितज्ञाला, हार्डीला विचारला. हार्डी म्हणजे पुढे रामानुजनला केंब्रिजला बोलावणारा. हार्डीने दिलेले उत्तर आठवीतल्या मुलाला येणाऱ्या सूत्राएवढे होते. त्याच वर्षी जर्मनीतील वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरनेही ते स्वतंत्रपणे मांडले.

समाजातील सगळ्या जनुकांपैकी एका प्रकारच्या जनुकाचा वाटा 'प' आणि दुसऱ्याचा 'क' असे समजा. दोन्हींची बेरीज एक. प्रत्येक मुलाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक जनुक मिळते. म्हणून पुढच्या पिढीत प-वर्ग, २पक आणि क-वर्ग अशा प्रमाणात तीन प्रकारची माणसे असतील. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग, दुसरे काही नाही. लग्ने या गुणाकडे न पाहता होत असतील, लोकसंख्या मोठी असेल आणि कोणत्याही प्रकाराला जगण्यात फायदा-तोटा नसेल, तर हे प्रमाण पिढ्यान्पिढ्या तसेच राहते. प्रभावी गुण पसरत नाही, अप्रभावी नाहीसा होत नाही.

याचा उपयोग आपल्या दाराशी आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तर मूल आजारी पडते, एकाकडूनच आले तर ते वाहक होते, आणि त्याला सहसा काही त्रास जाणवत नाही. समजा, एखाद्या तालुक्यात दहा हजार मुलांमागे शंभर मुले या आजाराची जन्मतात. म्हणजे क-वर्ग ०.०१, म्हणून क ०.१ आणि प ०.९. वाहक किती? २ × ०.९ × ०.१ म्हणजे ०.१८, दहा हजारांत अठराशे. एका रुग्णामागे अठरा वाहक. आता आजार दुर्मीळ करून पाहू. दहा हजारांत एकच रुग्ण असेल तर क ०.०१ येतो आणि वाहक १९८. एका रुग्णामागे जवळजवळ दोनशे! आजार जितका दुर्मीळ तितके त्याचे जनुक वाहकांच्या आड दडलेले. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली तेव्हा तिच्यात केवळ रुग्णांवर नव्हे, सरसकट तपासणीवर भर दिला. त्यामागचे गणित हे असे आहे.

याच सूत्राची आणखी एक बाजू इतिहासात दडलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत 'सदोष' माणसांना मुले होऊ न देण्याचे कायदे करावेत असा जोर धरला गेला आणि काही ठिकाणी ते झालेही. माणुसकीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हिशेबातच ते टिकत नाही. शेकडा एक असलेले अप्रभावी जनुक रुग्णांना वंशवृद्धी न करू देऊन निम्म्यावर आणायचे तर शंभर पिढ्या लागतात, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षे. जीवशास्त्र जाणणाऱ्या पण बेरीज-गुणाकार न केलेल्या कित्येक शहाण्या लोकांना हे दिसले नव्हते.

वीस अक्षरेच का?

हा झाला शंभर वर्षांपूर्वीचा इतिहास. आजचे जीवशास्त्र तर बरेचसे मोजदादीवरच चालते. २०२० साली पीसीआर हा शब्द घरोघरी पोचला. या चाचणीत डीएनएचा एक छोटा तुकडा वापरतात, त्याला प्रायमर म्हणतात. मोठ्या डीएनएतील हवी ती जागा तो हुडकून तिथे चिकटतो. प्रायमर साधारण वीस अक्षरांचे असतात. दहाचे का नसतात? ते करायला सोपे आणि स्वस्त पडले असते.

डीएनएची अक्षरे चार, ए, टी, जी आणि सी. दहा अक्षरांचे किती निरनिराळे शब्द होतील? चाराचा दहावा घात, म्हणजे १०,४८,५७६. साधारण साडेदहा लाख. माणसाचा जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. अक्षरे सोडतीप्रमाणे आली असती तर दहा अक्षरांचा कोणताही एक शब्द त्यात योगायोगानेच २,८०० हून अधिक वेळा सापडला असता. असा प्रायमर हव्या त्या जागी चिकटेल तसा नको त्या हजारो जागीही चिकटेल. वीस अक्षरे घेतली तर चाराचा विसावा घात एक लाख कोटींच्या वर जातो आणि योगायोगाने जुळण्याची अपेक्षा ०.००३ च्या आत येते. जीनोममधील अक्षरे प्रत्यक्षात सोडतीप्रमाणे येत नाहीत, काही शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे खरा हिशेब याहून किचकट असतो. पण वीस हा आकडा कुठून आला ते या दोन ओळींत कळते. प्रकल्पासाठी प्रयोगशाळेत येणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांना प्रायमर कसा वापरायचा हे बिनचूक येते. हा प्रश्न विचारला की त्यांच्यापैकी बरेच जण 'सर्वजण वीसच घेतात' असे उत्तर देतात. ही मुले हुशार असतात, पण त्यांनी सोळाव्या वर्षी एक रकाना मोकळा सोडलेला असतो.

एकाच दिशेने सोपी असलेली वाट

कोणी म्हणेल, की मग नंतर शिकावे गणित. इथेच खरी मेख आहे. गणिताकडून जीवशास्त्राकडे आलेल्या माणसांची यादी मोठी आहे. वेंकटरामन रामकृष्णन यांनी बडोद्याला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केली, १९७६ साली अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी. मिळवली आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले. रायबोसोमच्या रचनेसाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. डीएनएच्या रचनेतला क्रिक मूळचा भौतिकशास्त्राचा पदवीधर. मद्रासचे गो. ना. रामचंद्रन हेही भौतिकशास्त्रज्ञच. प्रथिनाच्या साखळीतील प्रत्येक दुव्यापाशी दोन कोन बदलू शकतात. त्यांच्या कोणत्या जोड्या शक्य आहेत आणि कोणत्या जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतील, याचा हिशेब त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली एका आलेखात मांडला. आजही प्रथिनाची नवी रचना सापडली की ती आधी या आलेखावर तपासतात. त्यामागचे गणित त्रिकोणमिती आणि सदिश यांचे, म्हणजे अकरावीत जिची सुरुवात होते तेच.

उलट दिशेने गेलेल्यांची नावे आठवायला थांबावे लागते. मुंग्यांचे थोर अभ्यासक ई. ओ. विल्सन यांनी कलन पहिल्यांदा शिकायला घेतले ते वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. तेव्हा ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक होते आणि आपल्याच विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसत होते. त्यांना त्यात मार्कही बेताचेच पडत. गणितात फारशी गती नसतानाही मोठे वैज्ञानिक होता येते, असे त्यांनी नंतर आवर्जून लिहिले, आणि त्यांच्याकडे पाहता ते खोटे म्हणता येणार नाही. पण बेटांवरील प्राणी-वनस्पतींच्या संख्येविषयीचा त्यांचा प्रसिद्ध सिद्धांत त्यांनी ज्याच्याबरोबर मांडला, तो मॅकआर्थर आधी गणितच शिकलेला होता.

असे का व्हावे? जीवशास्त्र सोपे आहे म्हणून नव्हे. गवताच्या जाती नुसत्या नजरेने ओळखणारा वनस्पतितज्ञ तयार व्हायला वीस वर्षे लागतात आणि ती वीस वर्षे कोणत्याही सूत्राने वाचत नाहीत. फरक आहे तो रचनेत. जीवशास्त्रात अनेक दारांतून शिरता येते. पेशीपासून सुरुवात करा, पक्ष्यांपासून करा, रोगापासून करा, हळूहळू बाकीचे जोडता येते. गणित जिन्यासारखे आहे. मधली पायरी नसेल तर वरची चढता येत नाही, आणि हात-पाय रोज चालवले नाहीत तर चढलेल्या पायऱ्याही विसरतात. गाण्याचा गळा जसा रियाज सुटला की बसतो तसेच हे आहे. सोळा ते अठरा ही दोन वर्षे सुटली की पुढे नोकरी, संसार सांभाळून ती भरून काढणे फार थोड्यांना जमते.

प्रवेशाचे नियमही याच दिशेला झुकलेले आहेत. बारावीला गणित नसेल तर आर्किटेक्चर, गणित आणि संख्याशास्त्र यांच्या पदव्या आणि एनडीएतून नौदल किंवा हवाई दल, ही दारे बंद होतात. अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांचेही तेच. जीवशास्त्र नसेल तर मेडिकल आणि त्याच्या आजूबाजूचे अभ्यासक्रम बंद होतात, हे खरे. पण २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून देऊनही नीटला बसण्याची मुभा दिली, म्हणजे ते दार निदान किलकिले झाले आहे. फार्मसीला दोन्हींपैकी कोणताही गट चालतो.

म्हणून ज्याचा निर्णय खरोखर झालेला नाही, त्याने चारही विषय घ्यावेत असे मला वाटते. इंग्रजी आणि आणखी एक भाषा किंवा तत्सम विषय धरून ते सहा विषयांत बसतात. काम जास्त पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सगळे बायफोकल म्हणतात तो दोनशे गुणांचा व्यवसायविषय घेतला तर दुसरी भाषा आणि बहुधा जीवशास्त्र किंवा गणित सोडावे लागते. तो गुणांसाठी घ्यावा की आवडीसाठी, हे त्या मुलाने ठरवावे. आणि नर्सिंग, फिजिओथेरपी अशा वाटेने जायचे ज्याचे नक्की ठरले आहे, किंवा ज्याच्या गावच्या कॉलेजात गणित शिकवायला माणूसच नाही, त्याने गणित सोडले तर त्याला दोष देऊ नये.

दहावीचे गुण काय सांगतात?

राहिले ते भूमितीतले गुण. दहावीच्या गणिताचे १०० गुण म्हणजे बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे. राज्यातल्या बहुतेक मुलांना पार करता यावी अशी ही परीक्षा आहे, आणि तशीच ती असायला हवी. पण त्यामुळे वरच्या टोकाला तिचे मोजमाप बोथट होते. किराणा दुकानातल्या काट्यावर सोन्याची अंगठी तोलण्यासारखे ते आहे. ९२ आणि ९६ यांतील फरक एका रचनेचा, एका चिन्हाच्या घोटाळ्याचा असू शकतो. कोणत्याही मापनाला त्रुटी असते, हे आपण प्रयोगवहीत मुलांना लिहायला लावतो आणि गुणपत्रिकेपुढे विसरतो. ९६ मिळवलेल्या मुलाला अकरावीच्या पहिल्या चाचणीत ४० पडले की घरात हाहाकार उडतो. मुलगा बिघडलेला नसतो, फूटपट्टी बदललेली असते.

चुका किती झाल्या यापेक्षा कोणत्या झाल्या हे पाहणे अधिक उपयोगाचे. ते फक्त शाळेच्या शिक्षकालाच ठाऊक असते. कॉलेजात हा मुलगा एका तुकडीतला एक क्रमांक असतो. भूमितीतले प्रमेय पाठ न केल्यामुळे ६५ वर थांबलेला, पण न पाहिलेले उदाहरण दिले की पेन्सिल घेऊन बसणारा मुलगा अकरावीचे गणित बहुधा निभावतो. ९० मिळवणारा, पण आकडे बदलले की 'हे आपल्याला शिकवलेले नाही' म्हणणारा मुलगा अडचणीत येतो. अपूर्णांक किंवा बैजिक राशीचे अवयव यांत अडखळणारा मुलगा वेगळाच. त्याला गणिताची भीती नसते, त्याची सहावी-सातवीतली एक पायरी निसटलेली असते. मार्चच्या परीक्षेपासून अकरावीचे वर्ग भरेपर्यंतच्या महिन्यांत ती बसवून देता येते.

मराठी माध्यमातल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी. सायन्सची अकरावी बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच असते. 'चाल' आणि 'वेग' यांतला फरक ज्याला मराठीत पक्का येतो, तो 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' यांच्यापाशी अडकतो आणि आपल्याला भौतिकशास्त्रच जमत नाही असे समजतो. तेच उदाहरण मराठीत सांगून पाहावे. मराठीत सुटले तर औषध शब्दांचे द्यायचे आहे. दोनशे-अडीचशे पारिभाषिक शब्दांची दोन्ही भाषांतली यादी शाळेने निकालाच्या दिवशीच हातात ठेवली तर पहिल्या सत्रातील निम्मी धास्ती कमी होईल.

एक सूत्र वर्गासाठी

शेवटी एक उदाहरण वरच्या वर्गातील मुलांसाठी देते. त्यामागचा माणूस आपल्या जवळचा आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डमधून शिकून आले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुढे त्यांनी जुन्या नाण्यांची वजने करून, वापराने नाणी किती झिजतात यावरून त्यांचा काळ ठरवण्याची पद्धत बसवली आणि त्या वाटेने ते इतिहासात शिरले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणूनच ओळखतो. पण जगभरातले पीक-शास्त्रज्ञ त्यांचे नाव घेतात ते १९४४च्या सुमाराच्या आनुवंशिकीवरील एका छोट्या निबंधासाठी.

एकाच गुणसूत्रावर दोन जनुके असली की ती सहसा जोडीने पुढच्या पिढीत जातात. पण बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते आणि काही वेळा जोडी फुटते. जनुके जितकी लांब तितकी जोडी फुटण्याची शक्यता अधिक. म्हणून फुटलेल्या जोड्या मोजून गुणसूत्राचा नकाशा काढता येतो. हा पहिला नकाशा स्टर्टेव्हंट नावाच्या कॉलेज विद्यार्थ्याने घरचा अभ्यास बाजूला ठेवून एका रात्रीत काढला आणि तो १९१३ साली छापला गेला. अडचण अशी, की दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर जोडी पुन्हा जुळते आणि आपल्या मोजणीत काहीच दिसत नाही. त्यामुळे लांबची अंतरे प्रत्यक्षापेक्षा कमी भासतात. शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन कोसंबींनी सूत्र दिले. फुटलेल्या जोड्यांचे प्रमाण 'र' असेल, तर (१ + २र) ला (१ − २र) ने भागावे, उत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यावा आणि त्याला चारने भागावे. आले ते नकाशावरचे अंतर.

र ०.१ असेल तर १.२ भागिले ०.८ म्हणजे १.५, आणि अंतर ०.१०१ येते. जवळच्या जनुकांत दुरुस्ती नगण्य. र ०.३ घेतला तर १.६ भागिले ०.४ म्हणजे बरोबर ४. लॉगच्या कोष्टकात चारसमोर ०.६०२१ आहे, त्याला २.३०३ ने गुणून चारने भागले की ०.३४७ मिळते. मोजणीत ३० टक्के दिसले, खरे अंतर जवळजवळ ३५. र ०.४ असताना काय होते ते मुलांना करू द्यावे, उत्तर ०.५५ च्या आसपास यायला हवे. मग र ०.५ घ्यायला सांगावे. छेद शून्य होतो आणि अंतर मोजण्यापलीकडे जाते. म्हणजे निम्म्या वेळा जोडी फुटते आहे. ती जनुके एकाच गुणसूत्राच्या दोन टोकांना आहेत की वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. मेंडेलच्या ९:३:३:१ मागे असतो तो हाच ०.५.